पोस्ट टाकण्याआधी आणि टाकल्यानंतर: सोशल मीडियावर नवीन आलेल्यांसाठी

नवीन अकाउंट उघडलं की सगळे जण पासवर्ड कसा ठेवायचा, ओटीपी कुणाला द्यायचा नाही हे आवर्जून सांगतात आणि ते बरोबरच आहे, पण लिहायचं कसं, कुठे थांबायचं आणि चुकलं तर पुढे काय काय होतं हे फारसं कुणी सांगत नाही, ते प्रत्येकाने ठेच खाऊनच शिकायचं असं जणू ठरलेलं असतं. म्हणून हे लिहायला घेतलं. बरीच वर्षं मोठ्या ग्रुपची अॅडमिन असल्यामुळे भांडणं जवळून बघितलीत आणि त्यातून एक गोष्ट माझ्या मनात पक्की झालीय. ज्या पोस्टमुळे नोकऱ्या जातात, जुनी मैत्री तुटते, प्रकरण पोलिसांपर्यंत जातं, त्यातल्या बऱ्याचशा पोस्ट काही दुष्टपणाने लिहिलेल्या नसतात. लिहिणाऱ्याच्या डोळ्यासमोर त्याचे चार मित्र असतात, त्यांना गंमत कळणार हे त्याला माहीत असतं, आणि वाचतात मात्र भलतेच लोक. खालच्या जवळजवळ सगळ्या पायऱ्या या एकाच गोष्टीतून निघाल्यात, तेवढं लक्षात ठेवून वाचा.

पायरी १: आधी काही दिवस नुसतं वाचा

कुठल्याही ग्रुपमध्ये गेल्या गेल्या बोलायला सुरुवात करू नका. तिथे काय चालतं, कोण कुणाला अरे-तुरे करतं, कुठल्या विषयावर आधीच रामायण होऊन गेलंय हे वाचल्याशिवाय कळत नाही. पिन केलेला मेसेज आणि ग्रुपचे नियम वाचा, दोन मिनिटं लागतात. हा सल्ला माझा नाही, इंटरनेटइतकाच जुना आहे म्हणा ना. ऑक्टोबर १९९५ मध्ये इंटरनेटच्या तांत्रिक मंडळींनी ऑनलाइन शिष्टाचाराचा एक दस्तऐवज काढला होता, आरएफसी १८५५ नावाचा, त्यातही नवीन माणसाने आधी ग्रुपमधलं वाचावं आणि मग लिहावं असं सांगितलंय. इंग्रजीत सगळं कॅपिटलमध्ये लिहिलं की ओरडल्यासारखं वाटतं, हेसुद्धा त्यात आहे. तेव्हा व्हॉट्सअॅपही नव्हतं आणि फेसबुकही नव्हतं, पण माणसं हीच होती.

पायरी २: तुमचं लिहिलेलं कोण बघू शकतं ते तपासा

सेटिंगमध्ये जाऊन बघा की पोस्ट पब्लिक आहे, फक्त फ्रेंड्सना दिसते की आणखी कुणाला. फेसबुकवर जुन्या पब्लिक पोस्ट एका झटक्यात फक्त फ्रेंड्सपुरत्या करायची सोय आहे, ती वापरा. इन्स्टाग्रामवर अकाउंट प्रायव्हेट करता येतं. दुसऱ्याच्या पब्लिक पोस्टखाली तुम्ही केलेली कमेंट मात्र सगळ्यांना दिसते, तुमचं स्वतःचं अकाउंट कितीही बंद असलं तरी. हे नवीन लोकांच्या लक्षातच येत नाही.

आणि सेटिंग केलं म्हणजे झालं असं अजिबात समजू नका. 'आपला क्लोज ग्रुप आहे', 'इथे सगळी आपलीच माणसं आहेत' या भरवशावर लोक काय काय लिहून बसतात. २०१७ मध्ये हार्वर्ड विद्यापीठात प्रवेश पक्का झालेल्या काही मुलांनी फेसबुकवर आपापसात एक खासगी ग्रुप काढला आणि त्यात लैंगिक अत्याचार, ज्यूंचा नरसंहार अशा विषयांवर अश्लील, घाणेरडे मीम टाकले. ते विद्यापीठापर्यंत पोचले आणि कमीत कमी १० जणांचा प्रवेश रद्द झाला. ग्रुप खासगीच होता, आतल्याच कुणाच्या तरी फोनवरून ते बाहेर गेलं असणार. स्क्रीनशॉट काढायला एक सेकंद लागतो आणि बहुतेक ठिकाणी तो काढल्याचं समोरच्याला कळतसुद्धा नाही. तेव्हा प्रायव्हसी सेटिंग अनोळखी लोकांना लांब ठेवण्यासाठी आहे, काहीही लिहायला मिळालेली मोकळीक नाही.

पायरी ३: लिहून झालं, आता पाठवण्याआधी

इथे जरा जास्त वेळ थांबूया, कारण खरा खेळ इथेच होतो. एकदा पोस्ट गेली की नंतर करता येण्यासारखं फार थोडं उरतं.

समोरासमोर आपण ज्या माणसाला 'अहो, मला नाही पटलं' एवढंच म्हणू, त्यालाच ऑनलाइन 'अक्कल गहाण ठेवलीय का' असं का लिहितो? जॉन सुलर नावाच्या मानसशास्त्रज्ञाने २००४ मध्ये यावर सविस्तर लिहिलंय. समोरच्याचा चेहरा दिसत नाही, आपलं नाव झाकलेलं असतं, उत्तर लगेच यायची गरज नसते, आणि वाचताना समोरच्याचा आवाजसुद्धा आपणच आपल्या डोक्यात तयार करतो, या सगळ्यामुळे माणसाचा संकोच गळून पडतो. हे चांगल्या बाजूनेही होतं बरं का, लोक आपलं दुःखही याच कारणाने मोकळेपणाने लिहितात. पण राग आलेला असेल तेव्हा हाच मोकळेपणा घात करतो.

म्हणून पहिला नियम, रागात लिहा हवं तर, पण पाठवू नका. ड्राफ्ट ठेवा किंवा सरळ नोट्समध्ये लिहा, म्हणजे चुकून सेंड दाबलं जाणार नाही. वर म्हटलेल्या १९९५ च्या दस्तऐवजात तर भावनेच्या भरात लिहिलेलं उत्तर रात्रभर ठेवून मग पाठवा असं स्पष्ट म्हटलंय. रात्रभर जमत नसेल तर निदान जेवून या, फिरून या.

मग परत येऊन ते मोठ्याने वाचा. मनातल्या मनात नाही, खरंच मोठ्याने. आणि वाचताना चार मित्रांना डोळ्यासमोर आणू नका, चार वेगळी माणसं आणा: तुमचा बॉस, तुमची आई, ज्या समाजाबद्दल किंवा ज्या माणसाबद्दल लिहिलंय त्यातलंच कुणीतरी, आणि तुम्हाला अजिबात न ओळखणारा एक माणूस ज्याच्यासमोर फक्त हे एवढंच वाक्य आलंय, मागचा-पुढचा काही संदर्भ नाही. या चौघांपैकी कुणासमोरही वाचताना जीभ अडखळली तर ते वाक्य बदला. विनोद असेल तर आणखी एक बघा, हसू कशावर येतंय? एखाद्याच्या जातीवर, धर्मावर, रंगावर, शरीरावर, अपंगत्वावर किंवा बाई असण्यावर येत असेल तर तो विनोद काढून टाका. शेवटी हसरी इमोजी टाकल्याने त्याचा अर्थ बदलत नाही.

एक उदाहरण देते. ग्रुपवर कुणीतरी औषधाबद्दल चुकीची माहिती टाकलीय आणि तुम्हाला ती चूक दिसलीय. पहिल्या झटक्यात हाताखाली येतं ते असं: 'तुमच्यासारखे अडाणी लोक असं काहीही पसरवतात म्हणून देशाची ही अवस्था आहे, आधी शिका मग बोला.' आता यात चूक काय आहे ते कुठेच नाही. माहिती शून्य, अपमान पूर्ण. तो माणूस सगळ्यांसमोर खाली बघणार नाही, तो भांडणार, आणि चुकीची माहिती तशीच वर राहणार. हेच असं लिहून बघा: 'काका, यातला डोसचा आकडा चुकलाय असं वाटतंय, पाकिटावर वेगळं लिहिलंय, फोटो टाकतोय. कुणी हे वाचून गोळ्या घेऊ नका, डॉक्टरांना विचारा.' दुसऱ्या मेसेजमध्ये तुम्ही मवाळ झालात असं नाही, उलट तुमचा मुद्दा जास्त ठाम झालाय, कारण आता वाद माणसाशी नाही, आकड्याशी आहे. आणि शक्य असेल तर हे आधी त्यांना एकट्याला पर्सनलवर कळवा, बरीच माणसं स्वतःच पोस्ट काढून टाकतात. फक्त माहिती धोकादायक असेल तर वाट न बघता सगळ्यांसमोरच लिहा.

मतभेद ठेवायचे की नाहीत असा प्रश्नच नाही, जरूर ठेवा. सरकारवर, कंपनीवर, पुढाऱ्यावर, कामावर कडक टीका करा. नावं ठेवायची ती कामाला ठेवा, माणसाच्या जन्माला नाही.

पायरी ४: फॉरवर्ड म्हणजे तुमचंच बोलणं

'मी कुठे लिहिलंय, मला आलं तसं पुढे पाठवलं' हे वाक्य फार ऐकायला मिळतं आणि ते उपयोगाला येत नाही. तामिळनाडूतल्या एका अभिनेता-राजकारण्याने २०१८ मध्ये महिला पत्रकारांबद्दलची अत्यंत हीन पोस्ट फेसबुकवर पुढे पाठवली. नीट न वाचताच पाठवली, नंतर काढून टाकली, माफीही मागितली, असं त्याचं म्हणणं होतं. २०२३ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने खटला रद्द करायला नकार दिला, सुटलेल्या बाणासारखा मेसेज परत घेता येत नाही आणि फॉरवर्ड करणाऱ्याला त्याची जबाबदारी घ्यावी लागते अशा अर्थाचं न्यायालय बोललं, आणि त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयानेही हस्तक्षेप केला नाही. न वाचता, नंतर डिलीट, माफी, लोक ज्या तीन गोष्टींच्या आधारावर निश्चिंत असतात त्या तिन्ही तिथे होत्या.

व्हॉट्सअॅपवर मेसेजवर दोन बाण दिसले आणि तो बऱ्याच वेळा फॉरवर्ड झालाय असं लिहिलेलं असलं तर ती धोक्याची खूण समजा. असा मेसेज एप्रिल २०२० पासून एका वेळी एकाच चॅटमध्ये पाठवता येतो, ते बंधन उगाच घातलेलं नाही. वाचून खूप राग आला किंवा खूप भीती वाटली तर तो मेसेज बहुधा तेवढ्यासाठीच बनवलेला असतो. तिथेच थांबा.

पायरी ५: दुसऱ्याचा फोटो, दुसऱ्याची बातमी

हे पटकन सांगते. कुणाचाही फोटो विचारून टाका, लहान मुलांचा असेल तर आईवडिलांना विचारून. कुणी गेल्याची, आजारपणाची, लग्न मोडल्याची, दिवस गेल्याची बातमी ही त्या घरच्यांची असते, त्यांनी टाकेपर्यंत तुम्ही टाकू नका. अपघातातल्या जखमींचे व्हिडिओ पाठवू नका, एखाद्याच्या घरच्यांना त्या व्हिडिओतूनच कळतं, यापेक्षा वाईट काय असेल. पर्सनल चॅटचे स्क्रीनशॉट तिसऱ्याला दाखवू नका. आणि कुणाचा फोन नंबर, पत्ता, ऑफिसचं नाव भांडणात उघड करणं हा तर सरळ गुन्ह्याच्या दिशेने जाणारा प्रकार आहे, कितीही राग आला तरी नाही म्हणजे नाही.

पायरी ६: जुनं आवरा

आज अकाउंट नवीन असेल तर ही पायरी पाच वर्षांनी लागेल, पण लागेल. इंग्लंडचा गोलंदाज ऑली रॉबिन्सन २ जून २०२१ ला लॉर्ड्सवर पहिली कसोटी खेळायला उतरला, त्या दिवशी सगळ्या संघाने भेदभावाच्या विरोधातले टी-शर्ट घातले होते, आणि त्याच दिवशी त्याची २०१२-१३ मधली वर्णद्वेषी आणि बायकांबद्दलची अपमानास्पद ट्विट बाहेर आली. लिहिली तेव्हा तो १८-१९ वर्षांचा होता. सामन्यात त्याने ७ विकेट काढल्या आणि सामना संपल्यावर बोर्डाने त्याला निलंबित केलं, पुढे ८ सामन्यांची बंदी आली, त्यातले ५ सामने स्थगित ठेवले गेले. आयुष्यातला सगळ्यात मोठा दिवस होता तो, आणि सगळीकडे चर्चा आठ-नऊ वर्षांपूर्वीच्या ट्विटची चालली होती. हॉलिवूडचा दिग्दर्शक जेम्स गन याला डिस्नीने जुलै २०१८ मध्ये असंच जुन्या ट्विटवरून काढलं, मार्च २०१९ मध्ये परत घेतलं. सगळ्यांना असं परत बोलावणं येत नाही.

तेव्हा वर्षातून एकदा स्वतःचंच अकाउंट उलटं वाचा. फेसबुकच्या अॅक्टिव्हिटी लॉगमध्ये तुमच्या पोस्ट, कमेंट, लाइक सगळं वर्षावार सापडतं आणि एकदम निवडून काढताही येतं. एक्सवर (म्हणजे आधीचं ट्विटर) अॅडव्हान्स्ड सर्चमध्ये स्वतःचं नाव आणि तारखा टाकून जुनं शोधता येतं. आज जे वाचून तुम्हालाच कसंतरी होतंय ते काढा. पुसलं म्हणजे जगातून गेलं असं नाही, इंटरनेट अर्काइव्हसारख्या ठिकाणी पब्लिक पानांच्या प्रती साठवलेल्या असतात, कुणाकडे स्क्रीनशॉट असू शकतो. पण तरी काढा, निदान तुम्ही त्याच्या बाजूने उभे नाही एवढं तर दिसतं.

पायरी ७: काय काय होऊ शकतं ते माहीत असू द्या

भीती घालायची नाहीये, पण 'जास्तीत जास्त काय होईल, पोस्ट डिलीट होईल' हा समज चुकीचा आहे. सगळ्यात आधी प्लॅटफॉर्म पोस्ट काढतो, अकाउंट काही दिवस बंद करतो, कधी कायमचं. मग नोकरी. बऱ्याच कंपन्यांच्या नियमांत कर्मचाऱ्याने सोशल मीडियावर कसं वागावं हे लिहिलेलं असतं आणि आपण जॉइन होताना न वाचता त्याखाली सही केलेली असते. प्रोफाइलवर 'मतं वैयक्तिक' असं लिहिलं म्हणून सुटका होत नाही. नोकरी देण्याआधी उमेदवाराचं प्रोफाइल बघणारेही असतातच.

आणि मग कायदा. तो देशोदेशी वेगळा असतो पण धमकी, बदनामी, दोन गटांत द्वेष पसरवणं, कुणाचे खासगी फोटो टाकणं हे बहुतेक सगळीकडे अंगाशी येतं. भारतात ऑनलाइन आक्षेपार्ह मजकूर पाठवणं गुन्हा ठरवणारं आयटी कायद्याचं कलम ६६ए सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ ला घटनाबाह्य ठरवून रद्द केलं, ते फार मोघम होतं, आणि रद्द झालं ते चांगलंच झालं. पण त्यावरून काही लोकांनी आता ऑनलाइन काहीही चालतं असा अर्थ काढला, तसं नाहीये, बदनामी, धमकी, द्वेष पसरवणं यांची कलमं तेव्हाही होती आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही आहेत.

ब्रिटनमधली एक केस तर प्रत्येकाने माहीत करून घ्यावी. जानेवारी २०१० मध्ये बर्फामुळे विमानतळ बंद पडला आणि एका तरुणाने वैतागून, विमानतळ लवकर सुरू करा नाहीतर उडवून देईन, अशा अर्थाचं ट्विट केलं. फॉलोअर्सना तो जोक आहे हे कळत होतं. काही दिवसांनी विमानतळाच्या एका मॅनेजरला ते सर्च करताना सापडलं. अटक झाली, दोषी ठरला, नोकरी गेली. जुलै २०१२ मध्ये उच्च न्यायालयाने शिक्षा रद्द केली, म्हणजे शेवटी तो जिंकला, पण मधली अडीच वर्षं त्याला कुणी परत दिली नाहीत. बघा, इथेही तेच, लिहिलं ओळखीच्यांसाठी आणि वाचलं तिसऱ्याच माणसाने.

पायरी ८: चुकलंच तर

घाबरून अकाउंट बंद करू नका आणि वाद घालत बसू नका. व्हॉट्सअॅपवर पाठवलेला मेसेज १५ मिनिटांपर्यंत एडिट करता येतो आणि साधारण अडीच दिवसांपर्यंत सगळ्यांसाठी डिलीट करता येतो, पण तोपर्यंत कुणी वाचला असेल तर गुपचूप डिलीट करणं म्हणजे लपवाछपवी वाटते. म्हणून डिलीट करा आणि डिलीट केल्याचं सांगा. पोलीस किंवा ऑफिसची चौकशी सुरू झालीय असं कळलं असेल तर मात्र काहीही पुसण्याआधी वकिलाला विचारा, तिथे पुसणंच अंगाशी येऊ शकतं.

माफी कशी मागायची हे खरंच शिकायला लागतं. 'कुणाच्या भावना दुखावल्या असतील तर दिलगीर आहे' ही माफी नाही, यात चूक वाचणाऱ्याच्या भावनांची ठरवलीय. 'माझा तसा हेतू नव्हता, लोकांनी विपर्यास केला' हीसुद्धा नाही. असं लिहा: 'काल मी अमुक लोकांच्या दिसण्यावरून जोक टाकला होता. तो अपमान करणारा होता. पोस्ट काढली आहे. ज्यांना त्रास झाला त्यांची माफी मागतो.' एवढंच. काय केलं ते नाव घेऊन, चूक होती हे सरळ, काढलं हे सांगून, आणि 'पण' हा शब्द कुठेही न आणता. जिथे पोस्ट टाकली होती तिथेच माफी टाका, पोस्ट पब्लिक आणि माफी चार जणांना असं नको. एका विशिष्ट माणसाला दुखावलं असेल तर त्याला वेगळा मेसेज किंवा फोन करा, आणि त्याने माफ केलंच पाहिजे अशी अपेक्षा ठेवू नका. त्यानंतर खाली येणाऱ्या प्रत्येक कमेंटला उत्तर देत बसू नका, नोटिफिकेशन बंद करा, एखाद्या विश्वासू माणसाला कमेंट बघायला सांगा.

पायरी ९: दुसऱ्याचं चुकलं तर, आणि तुमच्यावरच कुणी तुटून पडलं तर

कुणाची तरी आक्षेपार्ह पोस्ट व्हायरल झाली की हजारो लोक तुटून पडतात आणि त्या गर्दीत आपण शिरावंसं वाटतं, कारण आपण बरोबर बाजूला असतो ना. पण त्या माणसाच्या फोनवर तुमची कमेंट एकटी पोचत नाही, ती हजारातली एक म्हणून पोचते, आणि त्यात धमक्या असतात, घरच्यांची नावं असतात, मुलांचे फोटो असतात. चूक दहा रुपयांची आणि शिक्षा लाखाची असं होऊन बसतं. पोस्ट रिपोर्ट करा, ज्यांचा अपमान झालाय त्यांच्या बाजूने दोन शब्द लिहा, ते जास्त उपयोगाचं आहे. वाईट पोस्टचा स्क्रीनशॉट 'बघा किती वाईट' म्हणून फिरवला तरी ती पोस्ट फिरतेच.

ती पोस्ट तुमच्या मित्राची असेल तर ग्रुपवर न बोलता त्याला फोन करा. 'तू तसा नाहीस हे मला माहितीय, पण ते वाचून तसं वाटतंय, काढून टाक' एवढं बोललात तरी बरंच काम होतं. अशा वेळी मित्राचं ऐकणारी माणसं अनोळखी हजार जणांचं ऐकत नाहीत.

आणि त्रास तुम्हालाच होत असेल तर उत्तर द्यायच्या आधी पुरावे गोळा करा. स्क्रीनशॉटमध्ये तारीख, वेळ आणि प्रोफाइलचं नाव दिसलं पाहिजे, सोबत पोस्टची लिंक कॉपी करून ठेवा, कारण नाव बदलता येतं, फोटो बदलता येतो, नुसत्या स्क्रीनशॉटवरून अकाउंट सापडत नाही. हे सगळं फोनबाहेर कुठेतरी, मेलवर वगैरे ठेवा. मग रिपोर्ट, मग ब्लॉक, या क्रमाने, कारण आधी ब्लॉक केलं तर पुढचे मेसेज आणि प्रोफाइल शोधणं अवघड होऊन बसतं. जिवाची धमकी असेल किंवा खासगी फोटोंचा विषय असेल तर प्लॅटफॉर्मच्या उत्तराची वाट बघू नका, त्याच दिवशी पोलिसांच्या सायबर विभागाकडे तक्रार करा आणि घरातल्या किंवा जवळच्या एका माणसाला सगळं सांगा, म्हणजे पुढचे मेसेज वाचायचं काम तरी तुमच्या एकट्यावर राहणार नाही.